तीस उंदीर आणि एक चुकीचा प्रश्न : प्राणी नीती समित्यांना खुलं पत्र

प्रति,
औषधनिर्माणशास्त्र आणि आयुर्वेद महाविद्यालयांतील संस्थात्मक प्राणी नीती समित्यांचे सर्व सदस्य आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक,

सप्रेम नमस्कार.

मी पशुवैद्यक आहे, पॅथॉलॉजी हा माझा विषय. गेली अनेक वर्षं ॲनिमल हाऊस आणि त्याला लागून असलेली रक्ततपासणीची छोटी खोली, एवढ्याच जागेत माझा दिवस जातो. बाहेरची शास्त्रज्ञ म्हणून समितीच्या बैठकांनाही बसले आहे. त्यामुळे या पत्रात ज्या मंजुऱ्यांबद्दल लिहिते आहे त्यांतल्या काहींवर माझीही सही आहे, हे आधीच सांगते.

सिनॉप्सिसचे दिवस आले की फॉर्म बीचे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी मागणाऱ्या अर्जांचे, गठ्ठे येतात. त्यात एक प्रकल्प हमखास असतो : अमुक वनस्पतीच्या अर्काचा, फेनिलहायड्रझिन हे तांबड्या पेशी फोडणारं रसायन देऊन घडवलेल्या ॲनिमियावर होणारा परिणाम. वनस्पती तेवढी बदलते. कधी शेवगा, कधी बीट, कधी पालक, कधी पुनर्नवा. बाकी सगळं छापल्यासारखं तेच : विस्टार जातीचे तीस पांढरे उंदीर, सहा-सहाचे पाच गट. एक निरोगी, एक आजारी पण उपचार न केलेला (‘डिसीज कंट्रोल’), एकाला लोहाचं नाहीतर बी-१२चं ‘स्टँडर्ड’ औषध, आणि उरलेल्या दोघांना अर्काचे कमी-जास्त डोस. शेवटच्या परिच्छेदात वाक्य असतं की भारतात लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय ही मोठी समस्या आहे, म्हणून हा अभ्यास.

त्या पहिल्या आणि शेवटच्या वाक्याचा एकमेकांशी संबंध नाही. फेनिलहायड्रझिन दिलेल्या उंदराला लोहाची कमतरता झालेलीच नसते. हे प्रकल्प आहेत त्या स्वरूपात आपण मंजूर करू नयेत, एवढ्याचसाठी हे पत्र लिहिते आहे.

आधी पिंजऱ्यात काय होतं ते सांगते, कारण बैठकीच्या टेबलावरून ते दिसत नाही. पोटात इंजेक्शन देतात, बहुधा लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा ओढला की खालचं भाताचं तूस गडद झालेलं असतं, कारण लघवीतून हिमोग्लोबिन उतरू लागलेलं असतं. पांढऱ्या उंदराचे कान एरवी उन्हात धरले तर गुलाबी दिसतात, ते आता कागदासारखे. डोळ्यांचा लालपणाही फिका पडतो. शेपटीतून थेंब काढला तर त्याला चिंचेच्या कोळासारखी तपकिरी झाक असते. केशनळी सेंट्रीफ्यूजमधून फिरवून उजेडात धरली की तांबड्या पेशींची कांडी निम्म्याच्या आसपास आखडलेली दिसते, आणि वरचा प्लाझ्मा नितळ नसून लालसर असतो. उंदीर कोपऱ्यात अंग फुगवून बसतो. श्वास भरभर चाललेला असतो. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांनी एकदा त्या तिसऱ्या दिवशी ॲनिमल हाऊसला यावं, अशी माझी खरोखर इच्छा आहे.

आता स्लाईड. नेहमीच्या लीशमन रंगात फारसं काही हाती लागत नाही. तेच रक्त न्यू मिथिलीन ब्लू किंवा क्रिस्टल व्हायोलेटमध्ये मुरवून पाहिलं, की पेशींच्या कडेला गडद ठिपके दिसतात, बाजरीच्या भाकरीच्या काठाला तीळ चिकटावेत तसे. हे हाइन्झ बॉडीज. रॉबर्ट हाइन्झ यांनी १८९० मध्ये त्यांचं वर्णन केलं. फेनिलहायड्रझिन ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनशी भिडतं, त्या झटापटीत मुक्त मूलकं आणि पेरॉक्साइड तयार होतात, हिमोग्लोबिन आधी मेथहिमोग्लोबिन होतं, मग त्याची घडी विस्कटते, गाठी होतात आणि त्या पेशीच्या पटलाला आतून चिकटतात. पटलावरची प्रथिनं जागची हलतात, तिथे अँटिबॉडी येऊन बसतात, आणि पाणथरीतल्या (प्लीहेतल्या) भक्षक पेशी त्या तांबड्या पेशीला म्हातारी समजून गिळून टाकतात. पाणथरी सुजते, काळपट होते, तिचं वजन कितीतरी पटींनी वाढतं. एमिल फिशर यांनी हे रसायन १८७५ मध्ये बनवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ते चक्क माणसांना औषध म्हणून दिलं जाई, आणि तेही पॉलिसायथेमिया व्हेराच्या रुग्णांना, म्हणजे ज्यांच्या अंगात तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त झाल्या आहेत त्यांना. पेशी मारणं हेच त्याचं काम. लोह हिरावून घेणं त्याला जमतच नाही.

मग फुटलेल्या पेशींतलं लोह जातं कुठे? थोडं लघवीतून जातं, पण बहुतेक सगळं अंगातच राहतं. दागिना मोडला तरी सोनं घरात असतं, तसं. पाणथरीचा आणि यकृताचा काप प्रशियन ब्लूने रंगवला, तर निळ्या कणांनी भरलेल्या पेशींचे पुंजकेच्या पुंजके दिसतात, आणि ते सगळं साठलेलं लोह असतं. मग तेच लोह उचलून अस्थिमज्जा नव्या पेशी घडवते. लोहाच्या कमतरतेत मुळात सोनंच घरात नसतं : साठा रिकामा, पेशी लहान आणि फिकट, मज्जा हात बांधून बसलेली. इकडे फेनिलहायड्रझिनच्या उंदराची स्लाईड निळसर झाक असलेल्या मोठमोठ्या कोवळ्या पेशींनी भरते. म्हणजे एकीकडे एमसीव्ही, अर्थात तांबड्या पेशीचा सरासरी आकार, घटतो, दुसरीकडे तो वाढतो. मी असे प्रबंध वाचले आहेत ज्यांच्या तक्त्यात एमसीव्ही वाढलेला आहे आणि निष्कर्षात ‘लोहाच्या कमतरतेवर उपयुक्त’ असं लिहिलं आहे. स्वतःचाच तक्ता स्वतःच्या निष्कर्षाला खोटं पाडतो आहे, हे विद्यार्थ्याला, मार्गदर्शकांना, परीक्षकांना, कुणालाच खटकलेलं नाही.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. हे उंदीर आपोआप बरे होतात.

माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, रॅटची, म्हणजे या प्रयोगांतल्या उंदराची, सुमारे ६०. त्यामुळे रॅटची मज्जा एरवीही दुप्पट वेगाने काम करत असते. शिवाय या प्राण्यांत पाणथरी मोठेपणीही रक्त बनवू शकते. पेशींचा असा संहार झाला की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे रक्त बनवायला सांगणारं संप्रेरक सुटतं आणि चार-पाच दिवसांत रक्तात रेटिक्युलोसाइट्सचा, म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशींचा, पूर येतो. विष थांबवलं आणि नुसतं खायला-प्यायला दिलं, तरी दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन जवळपास मूळपदावर येतं.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी नोंदवही छातीशी धरून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. फार कष्टाळू मुलगी. न्यूबॉअर चेंबरवर स्वतः पेशी मोजायची, यंत्रावर विसंबायची नाही. म्हणाली, “मॅडम, माझे डिसीज कंट्रोलचे उंदीरपण बरे झालेत. आता काय करू?” चौदाव्या दिवशी तिच्या पाचही गटांचं हिमोग्लोबिन एकाच घरात आलं होतं. लोह दिलेला गट, अर्क दिलेला गट आणि काहीच न दिलेला गट, तिघेही. मी तिला म्हटलं, “बाई गं, हाच तुझा निकाल आहे. असाच लिही.” तिचा प्रबंध शेवटी तसा लिहिला गेला नाही. आठव्या दिवशीचे आकडे ठेवले आणि चौदाव्याचे गाळले. आठव्या दिवशी अर्काचा गट कंट्रोलच्या थोडासा पुढे होता, एवढ्या आधारावर ‘लक्षणीय परिणाम’ आला. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला पदवी हवी होती आणि प्रश्नच चुकीचा हाती दिला होता. पण तिने विचारलेला तो एक प्रश्न समितीने मंजुरीच्या दिवशी विचारला असता, तर तीस उंदीर वाचले असते, आणि तिचं वर्षही.

यावर नेहमी येणारं उत्तर मला माहीत आहे : “पण मॅडम, अर्काच्या गटात हिमोग्लोबिन कमी घसरलं, त्याचं काय?” ते खरंही असू शकतं. बऱ्याच वनस्पतींत पॉलिफेनॉल्स असतात, ती मुक्त मूलकं टिपतात. अर्क विषाच्या आधीपासून किंवा विषाबरोबर दिला तर पेशी थोड्या कमी फुटतील. पण त्यातून विषाची धार बोथट झाली एवढंच कळतं. रक्त वाढलं असं कळत नाही. आणि एवढंच पाहायचं असेल तर उंदीर कशाला हवा? रक्तदात्याच्या तांबड्या पेशी धुऊन सलाईनमध्ये घ्या, त्यात फेनिलहायड्रझिन आणि अर्क घाला, काही तास ठेवा, हाइन्झ बॉडीज मोजा, किती हिमोग्लोबिन बाहेर सांडलं ते फोटोमीटरवर वाचा. परीक्षानळीत एका दिवसात उत्तर मिळतं. अर्कातलं लोह आतड्यातून शोषलं जाईल का, हा प्रश्न असेल तर त्यासाठी कॅको-२ पेशींवरची पद्धत आहे : कृत्रिम पचन करून घ्यायचं आणि पेशींत फेरिटिन किती तयार झालं ते मोजायचं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं १७वं कलम सांगतं की शक्य तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेलं पर्याय, घट आणि सुधारणा हे तीन सूत्रांचं तत्त्व आपण सगळे भाषणांत सांगतो. फॉर्म बीमध्ये पर्याय का वापरला नाही याची कारणं लिहायची जागा असते. तिथे “पर्याय उपलब्ध नाही” हे तीन शब्द वर्षानुवर्षं उतरवले जात आहेत आणि आपण ते वाचून पुढचं पान उलटतो आहोत.

रक्त किती काढतात, याकडेही लक्ष द्यायला हवं. रॅटच्या अंगात किलोमागे साधारण ६० ते ६५ मिली रक्त असतं. २०० ग्रॅमच्या उंदराला म्हणजे जेमतेम १३ मिली. प्रबंधांत मात्र शून्य, चौथा, आठवा, बारावा अशा चार दिवशी डोळ्याच्या मागून प्रत्येकी एक मिली रक्त काढलेलं असतं. चार मिली म्हणजे त्याच्या अंगातल्या रक्ताचा जवळजवळ तिसरा हिस्सा, बारा दिवसांत. त्या उंदराला आता विषाने पेशी फुटल्याचा ॲनिमिया आहेच, वर रक्त गेल्याचाही आहे, आणि तो निरोगी गटालाही आहे! हिमोग्लोबिन, पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि स्लाईड यांना शेपटीतले काही थेंब पुरतात. मिलीभर का काढतात असं विचारलं तर उत्तर मिळतं की बाहेरची लॅब तेवढी बाटली भरून मागते.

त्या बाहेरच्या लॅबबद्दलही सांगते. माणसाच्या रक्तासाठी लावलेल्या काउंटरवर उंदराचं रक्त घालतात. माणसाच्या पेशीचा आकार ८० ते १०० फेम्टोलिटर, रॅटच्या पेशीचा साधारण ५० ते ६०. प्राण्यांची सेटिंग नसेल तर आकडे भरवशाचे नसतात. शिवाय हाइन्झ बॉडीजमुळे नमुना गढूळ होतो आणि यंत्र हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींतली हिमोग्लोबिनची घनता दाखवणारा आकडा, अशक्य वाटावा इतका चढला की समजावं, आपण हिमोग्लोबिन नव्हे, गढूळपणा मोजतो आहोत. हे इतकं बारीक सांगते, कारण ‘सुधारणा’ म्हणून छापलेल्या काही आकड्यांत याच गढूळपणाचा वाटा असतो.

सगळ्यात जास्त वाईट मला शेवटच्या दिवशी वाटतं. तीसही उंदरांना मारतात. आणि ज्या अवयवात या आजाराची सगळी कहाणी लिहिलेली आहे ती पाणथरी, कित्येकदा वजनसुद्धा न करता, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. प्रोटोकॉलमध्ये यकृत आणि मूत्रपिंड लिहिलेलं असतं म्हणून ते ठेवतात. एकदा मी ट्रेमधून ती बाहेर काढून वजनकाट्यावर ठेवली. मुलं बघतच राहिली, इतकी ती मोठी होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी फेनिलहायड्रझिनच्या विरुद्ध नाही, हेही नीट सांगते. या रसायनाने विज्ञानाला खूप दिलं आहे. सशांना ते देऊन रेटिक्युलोसाइट्स भरपूर वाढवायचे आणि त्या पेशी फोडून मिळालेल्या रसात परीक्षानळीतच प्रथिनं बनवायची, ही पद्धत कितीतरी प्रयोगशाळांनी दशकानुदशकं वापरली. पाणथरी रक्त कसं बनवते, मज्जेला निरोप कसा पोचतो, म्हातारी पेशी ओळखली कशी जाते, हे शिकायला हे मॉडेल उत्तम आहे. रक्त फुटण्याचा प्रश्न असेल, तर रक्त फोडणारं रसायन वापरावं.

आणि असे प्रश्न आपल्याकडे आहेत. व्हायव्हॅक्स मलेरियासाठी दिलं जाणारं प्रायमाक्विन घ्या. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांच्या पेशी या औषधाने धडाधड फुटतात, हाइन्झ बॉडीज दिसतात, लघवी काळी होते. ही उणीव १९५६ मध्ये अमेरिकेत, इलिनॉयच्या तुरुंगातल्या कैद्यांवर झालेल्या अभ्यासातून कळली, आणि कैद्यांवर असे प्रयोग करावेत का, यावर पुढे वाद झाला तो रास्तच होता. आपल्याकडे मुंबईच्या पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही उणीव बऱ्यापैकी आढळते. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या रॅटच्या पेशींत मात्र हे एन्झाइम धडधाकट असतं. म्हणून एखादं नवं औषध उंदरात निर्धोक दिसलं तरी पालघरच्या किंवा गडचिरोलीच्या पाड्यावरच्या रुग्णात ते निर्धोक असेलच असं नाही. डॅप्सोनचंही तसंच : मूळ औषध पेशी फोडत नाही, यकृतात त्याचं हायड्रॉक्सिलअमीन झालं की ते फोडतं, आणि हे रूपांतर प्रत्येक प्राण्यात सारख्या वेगाने होत नाही. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी का भोवते, हे तर दवाखान्यात आम्हाला महिन्या-दोन महिन्यांनी कुणाला तरी समजावून सांगावं लागतं. कोणता प्राणी, कोणतं औषध, कोणती पेशी, हे जुळवून विचारलेले प्रश्न माझ्या समितीपुढे आले तर मी उभी राहून मंजुरी देईन.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. या बायकांच्या नावाने आपण उंदीर मागतो. मग वर्तमानपत्रात ‘अमुक पाल्याचा रस रक्त वाढवतो, प्रयोगात सिद्ध’ असं येतं, बाटलीवर ते छापलं जातं, आणि सहाव्या महिन्यातली एखादी गरोदर मुलगी अंगणवाडीतून मिळालेली लोहाची गोळी बाजूला ठेवून, कारण गोळीने मळमळतं, तो रस घेत राहते. आमच्या ॲनिमल हाऊसमध्ये पिंजरे धुणाऱ्या मावशींनी मला मोबाइलवर असंच एक चित्र दाखवून विचारलं होतं, “ताई, हे खरं हाय का? सुनेला देऊ का?” त्या मावशींनीच ज्यांचे पिंजरे धुतले होते, त्याच प्रकारच्या उंदरांवरून तो दावा केलेला होता. गोळी सोडू नका, रस हवा तर वरून द्या, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं. पण ज्यांना विचारायला कुणी जवळ नाही, त्यांचं काय?

म्हणून माझं मागणं असं आहे. फॉर्म बीमध्ये ॲनिमिया हा शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारा, कोणता? लोहाच्या कमतरतेचा म्हणत असतील, तर मॉडेलही त्याचंच हवं : नुकतं दूध तुटलेल्या पिल्लांना काही आठवडे कमी लोहाचा आहार. ते किचकट आहे, मला माहीत आहे. पिंजऱ्याच्या जाळीपासून पाण्यापर्यंत लोह कुठून आत येतंय ते सांभाळावं लागतं, उंदीर स्वतःच्या लेंड्या खातात त्याचाही बंदोबस्त करावा लागतो, खाद्य महाग पडतं. दोन इंजेक्शनांत काम होतं म्हणून फेनिलहायड्रझिन निवडलं, हे कारण मान्य करू नका. ज्या गटाला विष दिलं पण उपचार दिला नाही, त्याचे आकडे शेवटच्या दिवसापर्यंत दाखवलेच पाहिजेत अशी अट घाला. रेटिक काउंट आणि हाइन्झ बॉडीजचा रंग नसेल तर अर्ज परत पाठवा. त्याला लागणाऱ्या न्यू मिथिलीन ब्लूची छोटी बाटली वर्षभर पुरते. किती मिली रक्त, किती वेळा, हे ग्रॅममधल्या वजनाशेजारी लिहून घ्या आणि गुणाकार तिथल्या तिथे करा. पाणथरी तोलल्याशिवाय टाकू देऊ नका. आणि मागच्या पाच वर्षांत आपल्याच महाविद्यालयात हे मॉडेल किती वेळा झालं, ते ग्रंथालयातून मागवून बैठकीत टेबलावर ठेवा.

मार्गदर्शकांना एक वेगळी विनंती. तुमच्यावर प्रकाशनांचा दबाव आहे, ॲनिमल हाऊसचं बजेट तुटपुंजं आहे, सहा महिन्यांत प्रबंध बांधून द्यायचा असतो, हे मी जवळून पाहते. तरीही मुलांना तिसऱ्या दिवशीची स्लाईड स्वतः दाखवा. हातमोजे घालायला लावा, कारण हे रसायन कातडीतूनही आत जातं, आणि तपकिरी झालेलं जुनं द्रावण वापरू देऊ नका. ‘परिणाम दिसला नाही’ हा निकाल लिहायची त्यांना मुभा द्या. त्या मुलीची वही अजून माझ्या कपाटात आहे, चौदाव्या दिवसाच्या पानासकट. तिनेच जाताना ठेवून दिली. कुणाला पाहायची असेल तर तिची परवानगी घेऊन, तिचं नाव झाकून, मी दाखवीन. सोबत पाचही गटांच्या स्लाईड्स आहेत. मायक्रोस्कोप माझ्या टेबलावर असतोच.

आपली,
समितीवर आपल्याच शेजारच्या खुर्चीत बसणारी एक पशुवैद्यक